तटाच्या आतलं गाव

माझी भाची मोरोक्कोला फिरून आली आणि महिनाभर घरात फेस शहराशिवाय दुसरा विषय नव्हता. मातीच्या रंगाचा तट, आत खांद्याला खांदा घासणाऱ्या गल्ल्या, गल्लीत मोटार शिरत नाही म्हणून अजून खेचरांवरून जाणारा माल, चामडं रंगवायचे उघडे हौद. मोबाइलवर एकेक फोटो सरकवत शेवटी म्हणाली, “मावशी, आपल्याकडे असं तटाच्या आतलं गाव एक तरी उरलंय का गं?”

“श्रीरंगपट्टणला आलीस तेव्हा काय पाहिलंस?”

“किल्ला. टिपूचा.”

“आणि आत शिरलीस कुठून?”

तिला सांगता येईना. येणारही नव्हतं. सांगली-कोल्हापूरकडून येणाऱ्या आमच्या सगळ्या पाहुण्यांचं हेच होतं. गाडी रस्त्यावर तट तोडून केलेल्या मोकळ्या जागेतून आत जाते, देवळासमोर थांबते, आणि उतरल्या उतरल्या विचारणा होते, “किल्ला कुठाय?” आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे डोंगर. पायऱ्या, घाम, महादरवाजा, वर भगवा. इथे चढच नाही. कावेरीने दोन फाटे फोडून केलेल्या बेटावर, पश्चिमेच्या टोकाला हा भुईकोट बसला आहे. आत देऊळ, मशीद, शाळा, बाजार, रेल्वे स्टेशन आणि माणसांची घरं आहेत. म्हणजे तुम्ही किल्ला शोधत असता तेव्हा किल्ल्यातच उभे असता.

मी मूळची तासगावची. नोकरीच्या निमित्ताने म्हैसूरला आले, सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेतून निवृत्त झाले आणि इथलीच होऊन राहिले. तासगावच्या माणसाला श्रीरंगपट्टण शाळेच्या पुस्तकाआधी गणपतीच्या देवळात भेटतं. आमच्या गणपतीला सात मजली गोपुर आहे, थेट दक्षिणी धाटणीचं. ते बांधणारे परशुरामभाऊ पटवर्धन कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत अशी गोपुरं बघून आले आणि तसंच गावात उभं केलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हैसूरला आल्यावर पहिल्या सुटीत रंगनाथाच्या देवळासमोर जाऊन उभी राहिले, ती या गोपुरापायी.

पण भाऊंनी आणि त्यांच्या आधीच्या मराठ्यांनी हा किल्ला पाहिला तो तटाच्या बाहेरून. आपल्या बखरींत, पत्रांत, पाठ्यपुस्तकांत श्रीरंगपट्टण हे ‘वेढा घातलेलं’ ठिकाण आहे. आत कोण राहत होतं, काय चाललं होतं, याची आपण फारशी विचारपूस केली नाही. मला मात्र आता आतलंच जास्त ओढ लावतं.

बाहेरची गोष्ट आधी सांगून टाकते, कारण तट समजायला ती लागते. या किल्ल्याचा खरा पहारेकरी दगड नव्हता, पावसाळा होता. कावेरी कोडगूच्या डोंगरात उगवते आणि तिकडे मृग बरसला की इथे पात्र भरतं. एप्रिल-मेमध्ये मात्र नदीत खडक उघडे पडतात, माणूस चालत पलीकडे जाऊ शकतो. म्हणून वेढा घालणाऱ्याकडे उन्हाळ्याचे थोडे आठवडे असत. तेवढ्यात तट फुटला तर फुटला, नाहीतर चिखल, पूर, मेलेले बैल आणि परतीची वाट. आतल्याने फक्त तग धरायचा.

आपल्या फौजांचं वेळापत्रक याच्याशी मुळातच जुळत नव्हतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं, कृष्णा ओलांडायची, वाटेतली ठाणी घेत, खंडणी गोळा करत दक्षिणेला यायचं, आणि पावसाआधी छावणीला परतायचं. इथे पोचेपर्यंत फाल्गुन उजाडे. १७५७ मध्ये नानासाहेब पेशवे इथवर आले. तेव्हा म्हैसूरचा कारभार सर्वाधिकारी नंजराजाच्या हातात होता. ३२ लाखांचा करार झाला, थोडी रोख मिळाली आणि बाकीच्यासाठी मुलूख तारण ठेवून घेऊन फौज परतली. मार्च १७७१ मध्ये त्र्यंबकराव पेठ्यांनी मोती तलावाच्या लढाईत तोवर म्हैसूरचा सत्ताधीश झालेल्या हैदराची अशी दाणादाण उडवली, की तो रातोरात पळत या तटाच्या आत येऊन बसला. त्र्यंबकरावमामांनी मागोमाग येऊन वेढा दिला. पण मोठ्या तोफांनी तट पाडत बसायचं तंत्र आपल्याकडे नव्हतं आणि दिवस पावसाकडे झुकत होते. वेढा उठला.

१७९१ मध्ये हेच इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या वाट्याला आलं. मे महिन्यात तो अरकेरेची लढाई जिंकून तटाच्या टप्प्यात आला, पण फौजेत दाणा नव्हता, ओढायला बैल उरले नव्हते, वळवाने पाठ धरली होती. वेढ्याच्या अवजड तोफा त्याने स्वतःच निकामी करून टाकल्या आणि माघारी वळला. मेलुकोटेच्या बाजूला समोरून घोडेस्वार येताना दिसले, तेव्हा इंग्रजांना ते टिपूचेच वाटले. ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ. त्यांच्यामागून आला तो मराठी लष्कराचा बाजार. त्या बाजाराचं वर्णन मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने रंगवून केलं आहे: धान्य, गुरं, विलायती कापड, काश्मिरी शाली, हिरे, सराफांच्या पेढ्या आणि लुटीतल्या गरिबाघरच्या दागिन्यांसकट सगळं. भाव चढे होते. उपाशी गोऱ्या फौजेने निमूटपणे मोजले.

पुढच्या फेब्रुवारीत तिघांनी मिळून किल्ला घेरला, म्हणजे इंग्रज, निजाम आणि आपण. आमचे भाऊ मात्र शिमोगा-बेदनूरकडे रेंगाळले आणि इथे पोचले तेव्हा लढाई थांबून तहाची बोलणी चालली होती. १८ मार्च १७९२ च्या तहाने टिपूचं निम्मं राज्य गेलं, तीन कोटी तीस लाखांची खंडणी बसली आणि त्याची दोन मुलं इंग्रजांकडे ओलीस गेली. तासगावकर म्हणून हा उशीर मला जरा बोचतो. पण त्याहून जास्त बोचतं ते त्याच मोहिमेतलं शृंगेरी. १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शारदापीठ लुटलं, मूर्ती उखडली, माणसं मारली. आणि मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत धाडली ती टिपूने. त्याची स्वामींना लिहिलेली कन्नड पत्रं १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याच्या आर. नरसिंहाचार यांना मठात मिळाली. दुसऱ्या बाजूला, मेलुकोटेचे मंड्यम अय्यंगार नरकचतुर्दशीला दिवाळी करत नाहीत. टिपूने त्या दिवशी आपली माणसं मारली असं त्यांच्या घराघरात सांगतात. दोन्ही इथून तासा-दोन तासांच्या नाहीतर अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या गोष्टी. पाहुण्यांना यातली एकच हवी असते, कोणती ते ज्याच्या त्याच्या पक्षावर. मी दोन्ही सांगते.

आता आत चला.

भाचीच्या फेससारखं वय या गावालाही आहे. रंगनाथाचं देऊळ ८९४ चं, गंग घराण्याच्या काळातल्या तिरुमलय्या नावाच्या मांडलिकाने बांधलेलं. तट पुष्कळ नंतरचा. विजयनगरच्या अमलात नागमंगलच्या तिम्मण्णा हेब्बाराने १४५४ च्या सुमारास पहिला कोट घातला, आणि देवळाच्या विस्तारासाठी जवळच्या कळस्तवाडीची १०१ जैन मंदिरं पाडून दगड आणला अशी आख्यायिका आहे. संख्या सोडून द्या. पण इकडचा दगड कधी एका जागी स्वस्थ बसत नाही, हे पुढेही दिसेल. १६१० मध्ये राजा वोडेयरने विजयनगरच्या प्रतिनिधीकडून गाव घेतलं आणि त्याच वर्षी इथे दसरा सुरू केला. ज्याला जग म्हैसूरचा दसरा म्हणतं तो जन्माने श्रीरंगपट्टणचा. पुढे १७६१ मध्ये हैदर सत्तेवर बसला, पण राजा आणि दसरा दोन्ही नावापुरते तटाच्या आत राहिले.

त्याच दशकात तिकडे मोरोक्कोत सुलतान मोहम्मद बिन अब्दुल्ला समुद्रकाठी एस्सौइरा हे तटबंद बंदर नव्याने वसवत होता आणि त्याचा आराखडा कोर्नू नावाच्या फ्रेंच इंजिनिअरकडून करून घेत होता. तोफांच्या जमान्यात तट कसा असावा याचं ज्ञान तेव्हा फ्रेंचांकडून विकत मिळे. टिपूनेही ते घेतलं. १७९२ ला हात पोळल्यावर त्याने फ्रेंचांच्या सल्ल्याने तटामागे दुसरा तट आणि खंदकामागे खंदक अशी भर घातली. म्हैसूर दरवाजाच्या बाजूला आज उभं राहिलं की ही दुहेरी रचना दिसते: बाहेरचा खंदक, त्यात आता गवत आणि शेळ्या, पलीकडे काळसर ग्रॅनाइटचे चिरे, आणि त्यात मधूनच एखादा कोरीव चिरा. कुठल्या तरी देवळाच्या खांबाचा तुकडा असावा. माझा हात दरवेळी तिथे जातो.

टिपूच्या काळात या बेटावर दीड लाख माणूस होतं असा फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाचा अंदाज आहे. पूर्वेला गंजाम ही पेठ; तिच्यासाठी टिपूने शिऱ्याहून कुटुंबंच्या कुटुंबं उठवून आणली. गंजामचे अंजीर पुढे नावाजले. आत लाल महाल, समोर रंगनाथ, बंगळूर दरवाजापाशी १७८० च्या दशकात बांधलेली दोन मनोऱ्यांची मशीद. राजवाडा आणि देऊळ एका मैदानाच्या दोन अंगांना. देवळातली पूजा कधी थांबली नाही, आणि टिपूने दिलेली चांदीची भांडी देवळात आहेत. दफ्तर तीन भाषांत चाले: कन्नड, फारसी आणि मराठी. म्हणजे ज्या तटावर बाहेरून मराठी तोफा रोखल्या होत्या, त्याच्या आत बसून मोडीत हिशेब लिहिणारे कारकूनही होते. शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आणखी एक मराठा आत होता, साखळदंडात. धोंडजी वाघ. जन्म शिमोग्याजवळच्या चन्नगिरीचा, हैदराच्या फौजेत स्वार. १७९२ नंतर स्वतःची टोळी करून धारवाड-सावनूर भाग लुटू लागला, तेव्हा धोंडोपंत गोखल्यांनी त्याला झोडपलं. मग टिपूच्या आश्रयाला आला. टिपूने त्याला बाटवलं आणि पुढे कोठडीत टाकलं. ४ मे १७९९ ला इंग्रज आत शिरले आणि त्या गोंधळात कैदी सुटले, त्यांत हाही. वर्षभरात त्याने हजारो स्वार जमवले, स्वतःला ‘उभयलोकाधीश्वर’ म्हणवून घेतलं, पाठलागावर आलेल्या त्याच धोंडोपंत गोखल्यांना जून १८०० मध्ये ठार केलं, आणि १० सप्टेंबरला कोनगलपाशी आर्थर वेलस्लीच्या घोडदळाखाली मेला. त्याचा मानलेला लहान मुलगा सलाबतखान तळावर सापडला. वेलस्लीने त्याला सांभाळलं आणि देश सोडताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला. याच वेलस्लीने पुढे वॉटर्लूला नेपोलियन हरवला. एवढं सगळं असून मराठीत धोंडजीवर एखादी धड कादंबरी आहे का, हे मला कुणीतरी सांगावं.

कोठड्या बघायच्या तर नदीकडच्या तटाच्या पोटात उतरा. कर्नल बेली या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी सगळ्यांना माहीत आहे. वर सपाट गच्ची, खाली ठेंगण्या कमानींची विटा-चुन्याची लांबट खोली. भिंतीतून ठरावीक अंतरावर दगडी पाट्या पुढे आल्या आहेत, त्यांना भोकं, त्यात साखळ्या. माणसाने हात पसरून उभं राहायचं. मुलं तिथे उभी राहून फोटो काढतात. मध्येच छत फोडून एक तोफ खाली पडलेली आहे, ती अजून तशीच जमिनीत रुतून आहे. बेली १७८२ मध्ये कैदेतच वारला. त्याच्याबरोबर १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत पकडलेला डेव्हिड बेअर्ड सुमारे साडेतीन वर्षं कैदेत राहिला, सुटला, आणि १७९९ ला तट चढणाऱ्या तुकडीचा सेनापती म्हणून परत आला.

त्या शेवटच्या वेढ्यात आपण नव्हतो. इंग्रजांनी या वेळी ऋतूचं गणित चुकू दिलं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला वेढा, ३ मेला पश्चिमेच्या कोपऱ्यात तटाला खिंडार, ४ मेला ऐन दुपारी एकच्या सुमारास, आतली माणसं सावलीला गेलेली असताना, कोरड्या खडकांवरून चाल. काही मिनिटांत वर निशाण लागलं. टिपू पाणदरवाजापाशी लढता लढता पडला आणि रात्री मशालीच्या उजेडात प्रेतांच्या ढिगात सापडला. दुसऱ्या दिवशी त्याला आईवडिलांशेजारी गुंबजमध्ये पुरला. खिंडारापाशी आता १९०७ चा स्मारकस्तंभ आहे. त्यावर आठवण आहे ती फक्त इंग्रज फौजेतल्या मेलेल्यांची.

इथून पुढची हकीकत मोरोक्कोच्या उलट आहे. फ्रेंचांनी १९१२ मध्ये तिकडचा ताबा घेतला तेव्हा ल्योते या त्यांच्या प्रशासकाने नवी शहरं जुन्या तटांच्या बाहेर वसवली. त्यात गोऱ्यांनी वेगळं राहायचा हेतू होताच, पण जुनी वस्ती त्यामुळे जागच्या जागी राहिली आणि १९८१ मध्ये फेस जागतिक वारशात गेलं. श्रीरंगपट्टणची राजधानीच उचलली गेली. ३० जून १७९९ ला पाच वर्षांच्या तिसऱ्या कृष्णराजाला म्हैसूरला गादीवर बसवलं, तेही लक्ष्मीरमण देवळाजवळ मांडव घालून, कारण तिथला वाडा आणि कोट टिपूने पाडला होता आणि जवळच्या नजरबादला तो नवा किल्ला बांधत होता. मग दिवाण पूर्णय्यांच्या कारभारात म्हैसूरचा कोट पुन्हा बांधताना नजरबादचा दगड परत आणला. म्हणजे तोच चिरा म्हैसूरहून नजरबादला आणि नजरबादहून म्हैसूरला. म्हैसूर राजवाड्याच्या आवारातलं श्वेतवराहस्वामीचं देऊळसुद्धा शिमोग्याकडच्या होयसळ मंदिराचे दगड आणून बसवलेलं आहे.

लाल महाल इंग्रजांनी उतरवला. त्याच्या सागवानी तुळया हत्तींनी ओढून निलगिरीवर नेल्या आणि उटीच्या सेंट स्टीफन्स चर्चच्या छपराला घातल्या. तिथे त्या आजही आहेत. राजधानी गेली, शिबंदी गेली. १८०० मध्ये बुकानन आला तेव्हा बेटावर जेमतेम ३२ हजार माणसं उरली होती. उरल्यासुरल्यांना हिवतापाने गाठलं आणि इंग्रजांनी आपली फौज बंगळूरला हलवली.

म्हैसूरच्या कोटाचंही काय झालं ते पाहण्यासारखं आहे. राजवाड्याभोवती आज जो प्रशस्त चौक आणि हिरवळ दिसते तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दाट घरं होती. लाकडी वाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नात जळाला, पाठोपाठ प्लेग आला, आणि १९०३ मध्ये नेमलेल्या शहर सुधारणा मंडळाने नवे रुंद रस्ते आणि नव्या वसाहती आखल्या. कोटातले लोक बाहेर गेले. हेन्री आयर्विनचा नवा राजवाडा १९१२ ला पुरा झाला, खर्च ४१,४७,९१३ रुपये. खंदक बुजवले. शहर देखणं झालं यात वाद नाही, आम्ही त्याच रुंद रस्त्यांवर सुखाने राहतो. पण तट राहिला आणि आतलं गाव गेलं. दसऱ्याला बलराम दरवाजातून अंबारी बाहेर पडते तेव्हा लाखो लोक बघतात. आत तेव्हा कुणाचंही घर नसतं.

श्रीरंगपट्टणला उलट झालं. वैभव गेलं, गाव राहिलं. कुणी मुद्दाम जपलं नाही, कुणी मुद्दाम सुधारलंही नाही. रेल्वेने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तट कापून रूळ आत आणले. पुढे दुहेरी मार्ग करायचा तर मध्ये टिपूचं एक शस्त्रागार आडवं आलं, विटा-चुन्याची हजारेक टनांची इमारत. वर्षानुवर्षं काम अडलं. शेवटी २०१७ मध्ये ती इमारत पायापासून कापून, खाली पोलादी तुळया सरकवून, अखंडच्या अखंड शंभर मीटरहून जास्त बाजूला नेऊन ठेवली. इकडच्या दगडांच्या प्रवासातला हा सगळ्यात सभ्य प्रवास म्हणायचा. बाकीची अशी कोठारं बेटावर इकडे तिकडे झुडपांत पडून आहेत. केंद्र सरकारने २०१४ मध्ये श्रीरंगपट्टण जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घातलं. यादीत नाव आहे म्हणून खंदकात कचरा टाकायचं कुणी थांबलेलं नाही.

आता जायचं कसं, ते सांगते, कारण भाची पुन्हा यायची आहे आणि तिला हेच लिहून दिलंय. गाडी करू नका. म्हैसूर स्टेशनवरून बंगळूरकडची पॅसेंजर धरा, नदी ओलांडली की गाडीच तुम्हाला तटातून आत नेते. उतरून आधी शस्त्रागार, मग देऊळ. देवळात शेषावर पहुडलेला रंगनाथ पाहायला गाभाऱ्याशी डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात, पुजारी घाई करतात तिकडे लक्ष देऊ नका. नंतर गल्ल्यांतून पायी पाणदरवाजा आणि कोठड्या. वाटेत कुणाच्या ओसरीवर रागी वाळत घातलेली असेल, तर ओलांडू नका, बाजूने जा. टिपूचा दर्या दौलत महाल दुपारनंतर. त्याच्या भिंतीवरच्या पोल्लिलूरच्या चित्रात बेली पालखीत बसून बोट चावताना दाखवलाय तो शोधा. संध्याकाळी वेळ उरला आणि पाय चालत असतील तर उत्तरेच्या फाट्यापलीकडे करीघट्टाच्या टेकडीवर चढा. हरिपंतांच्या माणसांना बेट दिसलं असेल ते साधारण तिकडूनच. परतीची शेवटची पॅसेंजर किती वाजता आहे ते मात्र सकाळीच स्टेशनवर विचारून ठेवा.